इस्त्रीनंतरचं थंड पाणी

इस्त्री करून तापलेल्या हातांना थंड पाणी लागलं की पास्मो धरतो, हे आमच्या इताउग्वा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. गारवा हाडात शिरतो आणि तिथंच ठाण मांडून बसतो. मग कितीही शेका, कितीही झाडपाल्याचे लेप लावा. म्हणून इस्त्रीच्या दिवशी आमच्या बायका विहिरीकडे फिरकत नाहीत, भांडी तशीच पडू देतात, आणि नवऱ्याने पाणी मागितलं तर घागर कुठे आहे ते हनुवटीने दाखवतात. शहरातले डॉक्टर यावर हसतात. हसणाऱ्यांचं काय जातं?

एस्तेल्विना ओविएदोचा या नियमावर देवापेक्षा कांकणभर जास्तच विश्वास होता. ती न्यांदुती विणायची. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं, त्यावर सुईने दोऱ्याची चाकं भरत जायची, मग खळ लावून उन्हात वाळवायचं आणि शेवटी कापड कापून काढायचं की नुसती जाळी हातात उरते. गावात विणणाऱ्या पुष्कळ, पण पेरूच्या फुलाचा नमुना एस्तेल्विनासारखा कुणाला साधत नसे. बाई तशी तिरसट. कुणी स्तुती केली की म्हणायची, "बघून झालं असेल तर उजेड सोडा." तिचा सगळा तोरा त्या दहा बोटांत होता आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी, रोझारिओच्या मातेच्या सणाच्या आदल्या दिवशी, ती चर्चच्या वेदीवरची चादर इस्त्री करत होती. अंगणापलीकडून धाकट्या बहिणीची, सुनिल्दाची किंकाळी आली. सुनिल्दाचा नातू आंब्यावरून पडला होता आणि त्याचं कपाळ फुटलं होतं. "पाणी आण, एस्तेल, पाणी!" एस्तेल्विना धावली. विहिरीतून नुकत्याच ओढलेल्या बादलीत हात बुडवून तिने फडकं पिळलं आणि पोराच्या कपाळावर दाबून धरलं. पोर दुसऱ्या दिवशी जत्रेत उंडारत होतं. एस्तेल्विनाची बोटं मात्र नाताळ येईपर्यंत सुजायला लागली होती.

आधी उजव्या हाताची दोन बोटं, मग मनगट, मग डावा हात. सकाळी उठावं तर हात कुणी लाकडाचे करून ठेवल्यासारखे. कोसिदोच्या चहाचा कप धरता येईना, न्हाणीची कडी काढता येईना. उन्हं वर आल्यावर जरा मोकळे व्हायचे आणि ती घाईघाईने सुई हातात घ्यायची. पास्मो झालाय हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. कुणामुळे झालाय, तेही सांगायला नको होतं. एक दिवस विहिरीपाशी ती बहिणीच्या तोंडावर म्हणाली, "तू माझे हात खाल्लेस, सुनी."

सुनिल्दा गप्प राहणाऱ्यांतली नव्हे. पण त्या दिवशी तिच्या तोंडातली सिगार तेवढी विझली. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. घरं दोन आणि अंगण एक, विहीरही एक. मग बोलायचं कुणाशी? कोंबड्यांशी. एस्तेल्विना दाणे टाकता टाकता कोंबडीला सांगायची, "काही लोक पाणी उपसतात जसं काही विहीर त्यांच्या बापाची आहे." पलीकडून सुनिल्दा आपल्या कोंबडीला सांगायची, "बाप एकच होता बाई, हे काही लोक विसरले." शेजाऱ्यांची करमणूक व्हायची. दोघींची होत नव्हती.

दुखणं सोसवेना तेव्हा एस्तेल्विना राजधानीच्या मोठ्या हॉस्पिटलात गेली. आणि इथेच तिने ती चूक केली, जी आमच्याकडच्या कुठल्याही घरंदाज बाईने केली असती. डॉक्टरसमोर जायचं म्हणजे नीटनेटकं जायचं, असं आम्हाला लहानपणापासून बजावलेलं असतं. चोपून बसवलेले केस, खळ लावलेला ब्लाऊज, स्वच्छ नखं. मग हे लोंबते सुजके हात कसे न्यायचे? आदल्या दिवशी ती पोर्फिरिओच्या औषधाच्या दुकानात गेली आणि कमरेत सुई टोचून घेतली. त्या सुईत जादू होती. संध्याकाळपर्यंत सूज उतरली, रात्री झोप लागली, सकाळी तिने स्वतः वेणी घातली. डॉक्टरने बोटं दाबून बघितली, दुखतं का विचारलं. ती म्हणाली, "आज तेवढं नाही." सुई घेतल्याचं त्याने विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही. रक्त तपासलं तर संधिवाताचा आरए फॅक्टर नाही असं निघालं. डॉक्टर म्हणाला, "वय झालं, काम कमी करा."

दोन वर्षांपूर्वी पुन्हा गेली. पुन्हा आदल्या दिवशी सुई, पुन्हा तेच उत्तर. पोर्फिरिओने रिपोर्ट चष्म्याजवळ धरून वाचला आणि म्हणाला, "नाही म्हणजे नाहीच, न्या एस्तेल्विना. हा रक्तातला रोग नव्हे. पास्मोच आहे." न्या म्हणजे आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने म्हणतात. माणूस वाईट नव्हता, लोक मागतील ते विकायचा. एस्तेल्विनाला उलट बरंच वाटलं. मोठ्या हॉस्पिटलानेच सुनिल्दाचा अपराध सिद्ध केला होता की.

या वर्षी मात्र तिच्या मुलीने, निल्साने, मध्ये हात घातला. निल्सा ब्युनोस आयर्समध्ये म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते. फोनवर आईचे हात बघून ती हबकली. उजव्या हाताची बोटं करंगळीकडे कलायला लागली होती. तिने आश्रमातल्या नर्सला विचारलं, मग हॉस्पिटलात फोन करून नवी वेळ घेतली. सांध्यांच्याच एका डॉक्टरीणबाई होत्या, त्यांची.

"आई, ती सुई सूज लपवते," निल्सा म्हणाली. "तू दरवेळी घर झाडून मग पोलिसांना बोलावतेस, चोराची पावलं दिसणार कशी? यावेळी सुई घ्यायची नाही. मी हॉस्पिटलात विचारलंय, पुढची चुकवली तर चालेल म्हणाले."

"आणि मी जाणार कशी? रांगत?"

"मावशी येईल तुझ्याबरोबर."

एस्तेल्विनाने फोन ठेवून दिला. सुई न घेता ती एकटी बसमध्ये चढू शकणार नव्हती, हे तिला कळत होतं, आणि म्हणूनच ती इतकी भडकली. पण यावेळी जर डॉक्टरीणबाईंनी हातांत काही नाही म्हणून परत पाठवलं, तर विणायची सुई धरण्याचे दिवस संपले, हेही तिला कळत होतं. गेल्या महिन्यात तिने पेरूचं एक फूल पुरं करायला घेतलं होतं आणि अर्ध्यावर दोरा दातांनी तोडून चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

ठरलेल्या दिवशी पहाटे ती पलंगावर उताणी पडून होती. कूस वळवता येत नव्हती. गुडघेही आता आखडले होते. दार न ठोकता सुनिल्दा आत आली. चार वर्षांत पहिल्यांदा.

"ऊठ."

"उठता आलं असतं तर तुझं तोंड बघत पडले असते का?"

सुनिल्दाने तिच्या पाठीखाली हात घातला आणि तिला बसवलं. एस्तेल्विनाच्या तोंडून कण्हणं निघालं, ते तिने खोकल्यात लपवलं. मग सुनिल्दा तिच्या ब्लाऊजची बटणं लावू लागली. एस्तेल्विना भिंतीकडे बघत राहिली. तिला लाज वाटत होती, राग येत होता, आणि बहिणीच्या अंगाचा तंबाखूचा वास इतक्या दिवसांनी इतक्या जवळून आल्यावर रडूही येत होतं. यातलं काहीच तिने बाहेर येऊ दिलं नाही.

बसथांब्याच्या वाटेवर पोर्फिरिओचं दुकान आहे. तो दारातच नळीने तेरेरेचा गार काढा पीत बसला होता.

"अरे देवा, न्या एस्तेल्विना, अशी का चाललीस? ये आत, पाच मिनिटांचं काम. मग नाचत जा."

एस्तेल्विना थांबली. बसथांबा अजून दूर, मग बसच्या पायऱ्या, मग तासभर उभं राहणं, मग हॉस्पिटलचं बाक. एका सुईने हे सगळं सोपं होणार होतं. तिचा पाय दुकानाच्या पायरीकडे वळला.

"जा ना," सुनिल्दा मागून म्हणाली. आवाज अगदी गोड. "घे टोचून. मग डॉक्टरीणबाई म्हणतील, हातांना काही झालेलं नाही. मी गावभर सांगेन, काही झालेलंच नाही तर मी खाल्लं काय?"

एस्तेल्विना तिच्याकडे वळली. पोर्फिरिओने तेरेरेची नळी तोंडातून काढली.

"तेच हवंय तुला," एस्तेल्विना म्हणाली. "मी बरी दिसावी. म्हणजे तू सुटलीस."

"सुटायचंय मला. चार वर्षं झाली."

"नाही सुटणार. चल. तुझ्यासमोर त्यांच्या तोंडून वदवून घेते."

खरं सांगायचं तर त्या दिवशी ती बरी होण्यासाठी बसमध्ये चढली नाही. बहिणीला गुन्हेगार ठरवण्यासाठी चढली. माणसाला कशाचं बळ येईल सांगता येत नाही. बसमध्ये ड्रायव्हरने ब्रेक लावला की तिचं मनगट दांडीवर आपटायचं आणि डोळ्यांपुढे काळोख यायचा. चिपाची, म्हणजे चीजच्या पावांची, टोपली घेऊन एक बाई चढली, सुनिल्दाने एक चिपा घेतला, मोडून तुकडा तिच्या तोंडापाशी धरला. सगळी बस बघत होती. एस्तेल्विनाने तोंड फिरवलं. दोन थांबे गेल्यावर भूक जिंकली आणि तिने बहिणीच्या हातून खाल्लं.

डॉक्टरीणबाईंचं नाव इन्स्फ्रान. मध्यम वयाच्या, फार बोलणाऱ्या नव्हेत. त्यांनी एस्तेल्विनाचा प्रत्येक सांधा दोन बोटांत धरून हलकेच दाबला आणि पुढे जाताना तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग विचारलं, "याआधी आलात तेव्हा हात असेच होते?"

"तेव्हा सुई घेऊन आले होते. असे हात घेऊन कशी येणार?"

बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. "आम्हाला असेच बघायचे असतात हो," त्या म्हणाल्या. "सुई किती वेळा घेता?"

"जमेल तेव्हा. पण ते सोडा. हिच्यासमोर एकदा सांगा. इस्त्री करताना हिने मला थंड पाण्यात हात घालायला लावले. पास्मो आहे ना?"

सुनिल्दा दारापाशी उभी होती. बाई हसल्या नाहीत. "माझी आजीही इस्त्रीनंतर हात धुऊ द्यायची नाही," त्या म्हणाल्या. "थंड पाण्याने दुखरा हात जास्त दुखेल. पण पाण्याने हा रोग होत नाही. रक्त काढू, हाडांचे फोटो काढू, मग बोलू. घरात आणखी कुणाला असं आहे?"

"आईची बोटं म्हातारपणी वाकडी होती," सुनिल्दा म्हणाली. "तिला कुणी विचारलंच नाही."

तेव्हा बाई म्हणाल्या की रोग्यांच्या सख्ख्या भावा-बहिणींचं रक्तही त्या सध्या तपासत आहेत, पण इच्छा असेल तरच. सुनिल्दाने बाही तिथल्या तिथे वर सरकवली. "घ्या. हिला एकदा दिसू दे माझं रक्त स्वच्छ आहे ते."

एस्तेल्विनाला एक कमी ताकदीची गोळी देऊन त्यांनी पुन्हा बोलावलं. ते मधले दिवस अंगणात भयंकर शांतता होती. कोंबड्यांशीसुद्धा कुणी बोललं नाही. एस्तेल्विना मनाशी घोकत होती की बाई शहरातल्या आहेत, त्यांना काय कळतंय. आणि रात्री कूस बदलताना तिला आईची बोटं आठवत होती. आईने तर कधीच इस्त्री केली नव्हती. त्यांच्या घरात तेव्हा इस्त्री नव्हतीच.

दुसऱ्या वेळी बाईंनी दोघींना समोर बसवलं. "जुनी चाचणी आजही नाहीच म्हणते," त्या म्हणाल्या. "काही रोग्यांत ती गप्पच बसते. म्हणून दुसरी केली, अँटी-सीसीपी. ती बोलली, आणि चांगली मोठ्याने बोलली. हा संधिवातच आहे, न्या एस्तेल्विना. अंगातल्या काही प्रथिनांचं रूप जरासं बदलतं. तंबाखूच्या धुराने फुप्फुसात बदलतं, सुजलेल्या हिरड्यांत बदलतं. मग शरीराला ती आपली वाटत नाहीत. त्यांच्यावर उगारायला ते हत्यारं बनवतं, आणि ती हत्यारं पुढे सांध्यांवर चालतात. चाचणीत दिसतात ती हीच हत्यारं."

"म्हणजे माझे हात माझंच रक्त खातंय."

"हो."

"केव्हापासून?"

"बहुतेकींच्या रक्तात ही खूण दुखणं सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी येते. तुमच्या त्या इस्त्रीच्या दिवशी ती आधीच असणार. नक्की सांगता येणार नाही, पण मला तसंच वाटतं."

मग त्यांनी उजेडापुढे फोटो धरला. उजव्या मनगटात आणि पहिल्या बोटाच्या मुळाशी हाडाच्या कडा कुरतडलेल्या दिसत होत्या. "आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी सुरू करू. दर थोड्या दिवसांनी रक्त तपासायला यायचं. सूज उतरेल, बाकीचे सांधे वाचतील. एवढं हाड मात्र परत येणार नाही." त्यांनी फोटो खाली ठेवला. "दोन वर्षांपूर्वी हे हात आम्हाला दिसले असते, तर एवढं झालं नसतं."

त्या टोचून बोलल्या नव्हत्या. पण एस्तेल्विनाला कुणीतरी कानफटात मारल्यासारखं झालं. दोन वर्षांपूर्वी ती खळ लावलेला ब्लाऊज घालून, डौलात वेणी घालून, याच इमारतीतून परत गेली होती, आणि घरी पोचल्या पोचल्या आंब्याखाली बसलेल्या बहिणीकडे विजयाने बघितलं होतं. आता ती बहिणीकडे बघू शकेना.

"आणि माझं?" सुनिल्दाने विचारलं.

"तुमच्यातही ती खूण आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या बहिणीइतकीच मोठी. रोग नाही. हात मी बघितले, ठणठणीत आहेत. तो होईलच असं नाही, कित्येकींना होत नाही. पण होऊ शकतो. सिगार सोडायची. आणि सकाळी बोटं आखडायला लागली तर आठवडा जाऊ द्यायचा नाही, इथे यायचं. लवकर पकडला तर हाडाला धक्काही लागत नाही."

सुनिल्दाने मान डोलावली. बाहेर आल्यावर ती बाकावर बसली, सवयीने खिशातली सिगार काढली, तिच्याकडे बघितलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"झालं तुझ्या मनासारखं?" ती म्हणाली.

एस्तेल्विनाला बोलायचं होतं. चार वर्षं जे बोलली, ते एका दमात परत घ्यायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "चुकले मी, सुनी." आयुष्यात तिने हे वाक्य कुणाला ऐकवलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. सुनिल्दा ढसाढसा रडायला लागली. येणारे-जाणारे बघत होते, कुणाचं तरी माणूस गेलं असणार असं त्यांना वाटलं. "मला वाटायचं खरंच मीच," सुनिल्दा म्हणत होती. "दर सकाळी तू कप दोन मनगटांत धरताना दिसायचीस, आणि मला वाटायचं मीच केलं हे."

गोळीने गुण यायला दोन-अडीच महिने गेले. डावा हात मोकळा झाला. उजवा बराचसा झाला. पण पेरूचं फूल तिला पुन्हा जमलं नाही. ती आता साधी चाकं विणते आणि पोरींना फूल शिकवते. शिकवताना शिव्या घालते, हे सांगायला नकोच.

पण तिचा खरा दिवस त्याआधी सुरू होतो. रोज पहाटे, सुनिल्दा अंथरुणात असतानाच, ती अंगण ओलांडून तिच्या खोलीत जाते आणि पलंगाच्या कडेला बसते.

"मूठ वळ."

"झोपू दे गं."

"वळ आधी."

सुनिल्दा शिव्या देत मूठ वळते, उघडते, दुसरी वळते. एस्तेल्विना डोळे बारीक करून बघते, बोटांची मुळं दाबते, मग चहाला जाते. सिगारवाचून सुनिल्दाचा स्वभाव आणखी बिघडला आणि गावाने म्हटलं, या दोघी न बोलणाऱ्याच बऱ्या होत्या.

या हिवाळ्यातल्या एका पहाटे सुनिल्दाने मूठ वळली आणि ती अर्ध्यावर थांबली.

"आखडलंय जरा," ती म्हणाली. "रात्री हात अंगाखाली आले असतील."

एस्तेल्विनाने दुसरी मूठ वळायला सांगितलं. तीही अर्ध्यावर थांबली. तिने बहिणीची मधली बोटं मुळाशी दाबली. तिथे ती मऊ, गरम सूज होती. ती सूज तिला दुसऱ्या कुणी ओळखून द्यायला नको होती. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते सुनिल्दाच्या हातावर पडलं.

"हात माझे, आणि रडतेस तू," सुनिल्दा म्हणाली. "उद्या जाऊ. आज केस धुवायचेत मला. निदान तो निळा ब्लाऊज तरी..."

एस्तेल्विना उठली. पलंगाखालून बहिणीच्या चपला काढून तिने तिच्या पायांशी नीट लावल्या, आणि आपले वाकडे हात तिच्या काखेखाली घालून तिला उभं केलं.

"आहेस तशी चल," ती म्हणाली. "पहिली बस आहे."